एफ विंग, दुसरा मजला

सांगलीत जन्मून बुद्धिबळ न येणं म्हणजे पंढरपुरात घर असून विठोबाचं दर्शन न घेतलेलं असणं. कायद्यानं गुन्हा नाही, पण परगावच्या माणसाला ते पटवून देणं अवघड. सांगलीला बुद्धिबळाची पंढरीच म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळात मुलांच्या पिढ्या पटापुढे बसवल्या. स्वाती घाटे तिथल्याच. मुंबईच्या खाडिलकर भगिनींचं घराणंही मूळ सांगलीचं. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती वासंतीनं जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी ते विजेतेपद घराबाहेर जाऊच दिलं नाही. अशा गावात माझं बालपण गेलं. ते मी कृष्णेचा घाट आणि भडंगाची पुडी यांच्या दरम्यान घालवलं.

नाही म्हणायला काकांनी एकदा मला शिकवायला घेतलं होतं. "घोडा अडीच घरं जातो," ते म्हणाले. मी विचारलं, "मग उरलेल्या अर्ध्या घरात कोण राहतं?" काकांनी पट गुंडाळला. माझं बुद्धिबळ तिथं संपलं ते थेट वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत.

पुण्यात येऊन मला छत्तीस वर्षं झाली. एवढ्या काळात "सांगलीचे का? मग बुद्धिबळ येत असेल!" या वाक्यावर मी एक ठरावीक उत्तर घोटून ठेवलं होतं: "आता कुठं वेळ मिळतो!" यात खोटं काही नाही. नोकरीत वेळ मिळत नव्हता, निवृत्तीनंतर तर मुळीच मिळत नाही.

घात केला तो दिव्या देशमुखनं. २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या या एकोणीस वर्षांच्या मुलीनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच फटक्यात ती ग्रँडमास्टरही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात दुसरा विषय नव्हता. मी गप्प बसलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सांगलीचं रक्त उसळलं. मी म्हणालो, "पहिले दोन डाव बरोबरीत ठेवले ना, तिथंच तिनं अर्धी लढाई मारली." हे वाक्य मला तासापूर्वी कुणीतरी फोनवर पाठवलं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी चालता चालता थांबले. ज्यांच्या गळ्यात काम घालायचं आहे त्यांच्याकडे ते एका विशिष्ट मायेनं बघतात. "तुम्ही सांगलीचे, नाही का? यंदा गणपतीत मुलांची बुद्धिबळ स्पर्धा ठेवू. पंच तुम्ही."

गणपती २७ ऑगस्टला बसणार होते. माझ्या हातात एकोणतीस दिवस होते.

माणसाकडून शिकायचं तर आधी आपल्याला येत नाही हे त्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या सोसायटीत एकाला सांगितलेली गोष्ट लिफ्टच्या वेगानं वर जाते, आणि लिफ्ट बंद असली तर जिन्यानं त्याहून वेगानं. म्हणून मी फोनमध्ये एक ॲप घेतलं. संगणक कुणाला काही सांगत नाही, त्याला फिरायला जायचं नसतं, आणि मुख्य म्हणजे तो आमच्या सोसायटीत राहत नाही.

ॲपनं पहिलाच प्रश्न विचारला: तुम्हाला खेळ कितपत येतो? खाली पर्याय होते, नवशिका, मध्यम, तरबेज. खोलीत मी एकटा होतो, दार लावलेलं होतं, तरी 'नवशिका'वर बोट जाईना. 'मध्यम' दाबलं. गावाची काही लाज राखायला हवी की नको?

मुलगा बेंगळुरूला असतो. त्याला विश्वासात घ्यावंच लागलं. तो म्हणाला, "बाबा, आधी घरांची नावं पाठ करा. उभ्या ओळी ए ते एच, आडव्या एक ते आठ. ई-चार म्हणजे ई ओळीतलं चौथं घर." एवढं ऐकल्यावर मला एकदम मायेचं भरून आलं. आमच्या सोसायटीला ए ते एच अशा आठ विंगा आहेत. मजले सात, आणि वर गच्ची. एका मजल्यावर एकच फ्लॅट. म्हणजे बिल्डरनं आम्हाला जिम, क्लब हाउस, कारंजं यांतलं काही दिलं नसलं तरी अख्खा पट बांधून दिला होता! ई-चारमध्ये डॉक्टर, डी-चारमध्ये त्यांच्याशी न बोलणारे दुसरे डॉक्टर, सी-पाचमध्ये सेक्रेटरी. प्यादं धडपडत आठव्या घरात पोचलं की त्याचा वजीर होतो हेही चटकन समजलं. आमच्याकडे गच्चीची किल्ली ज्याच्याकडे असते तोही स्वतःला तेच समजतो.

आम्ही एफ विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर.

पहिला डाव मी पांढऱ्या सोंगट्या घेऊन खेळलो. ई विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचं प्यादं चौथ्यावर नेलं. पुढं काय करावं ते सुचेना, म्हणून कडेची प्यादी एकेक घर सरकवली, दारात पाहुणे दिसले की आपण उगाच खुर्च्या सरकवतो तशी. संगणकानं आधी एक उंट सी-पाचमध्ये आणून ठेवला. मला वाटलं, सेक्रेटरींकडे कामासाठी आला असेल. मग वजीर बाहेर काढला. आणि चौथ्या चालीला तो वजीर सरळ खाली उतरून एफ-दोनमधल्या प्याद्याला मारून तिथं बसला. शह! राजा शेजारीच होता, पण वजिराला मारावं तर सी-पाचमधून उंटाचा तिरका डोळा त्याच घरावर. पळावं तर आपलीच माणसं आडवी, आणि जे एक घर रिकामं त्यावर वजिराचा डोळा. मात.

चार चालींत, आणि तीसुद्धा माझ्याच फ्लॅटमध्ये!

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, सगळ्यांचं तसंच होतं. सुरुवातीला एफ-दोन हे पांढऱ्याचं सगळ्यात कमजोर घर असतं. त्याला राखायला राजाशिवाय कुणी नसतं." हे मी जेवताना हिला सांगितलं. ही म्हणाली, "राजा तरी कुठं राखतो?"

मग मात्र निमूटपणे 'नवशिका' दाबलं. त्या पायरीवर कानटोपी घातलेला एक हसरा चेहरा होता आणि त्याखाली लिहिलं होतं: एलो २५०. हा एलो म्हणजे आर्पाद एलो, हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिल्वॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कोण किती बलवान हे आकड्यात मांडायची रीत त्यांनी बसवली आणि १९७० साली जागतिक संघटनेनं ती उचलली. तुम्ही जिंकलात की आकडा वर, हरलात की खाली. समोरचा तगडा असेल तर हरल्यावर फारसं नुकसान नाही, पण लिंबूटिंबूकडून हरलात तर सपाटून घसरता. मॅग्नस कार्लसन २०१४ साली २८८२पर्यंत गेला होता. मी "एलो अडीचशे" असं मोठ्यानं वाचलं. ही मूळची मालवणची. स्वयंपाकघरातून हाक आली, "कोण इलो?"

त्या कानटोपीवाल्याचं नाव आम्ही बंड्या ठेवलं. पहिले सहा दिवस बंड्यानं मला हरवलं. माझा स्वतःचा एलो शंभरावर येऊन थांबला. त्याखाली जायची सोयच त्या ॲपमध्ये नाही, म्हणून थांबला.

बंड्याचं खेळणं मोठं विचित्र होतं. आठ-दहा चाली असा खेळायचा की बाटुमीहून थेट आला असावा. आणि एकाएकी, काही कारण नसताना, आपला वजीर उचलून माझ्या प्याद्यापुढे आणून ठेवायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी घाबरलो. इतकी वर्षं नोकरी केलेल्या माणसाला फुकट मिळणाऱ्या गोष्टीची धास्ती वाटतेच. साहेब एकाएकी गोड बोलायला लागला की बदलीची ऑर्डर टेबलावर आहे असं समजायचं. मी वीस मिनिटं त्या वजिराकडे बघत बसलो. त्याच्यामागे कोण आहे, उंट कुठून बघतोय, हत्ती कुठल्या विंगेत दबा धरून आहे, सगळं तपासलं. काही सापडेना. सापडत नाही म्हणजे सापळा फारच खोल असणार. मी वजीर मारला नाही. राजा सुरक्षित जागी हलवला.

डाव संपल्यावर ॲप त्याची चिकित्सा करून देतं. चिकित्सा म्हणजे शुद्ध पोस्टमॉर्टेम. प्रत्येक चालीला शेरा असतो, आणि घोडचुकीसमोर लाल रंगात दोन प्रश्नचिन्हं. काकांनी पट गुंडाळला होता, यानं गुंडाळला नाही एवढंच. त्या चालीसमोर लिहिलं होतं: वजीर फुकट होता.

मुलानं सांगितलं ते ऐकून मी जास्तच खट्टू झालो. या बंड्यांच्या मागे खरं डोकं मोठ्या इंजिनाचं असतं. असं एक इंजिन स्टॉकफिश, कुणालाही फुकट मिळणारं. ते नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडच्या प्रोग्रॅमवरून इटलीच्या मार्को कोस्टाल्बानं २००८ साली उभं केलं. स्टॉकफिश म्हणजे वाळवलेला कॉड मासा. तो नॉर्वेत वाळवतात आणि इटलीत शिजवतात, म्हणून ते नाव. त्याचा एलो संगणकांच्या यादीत साडेतीन हजारांच्या पुढे आहे, म्हणजे कार्लसननं त्याच्यापुढे माझ्यासारखंच बसायचं. आता एवढा पैलवान माझ्यासारख्याशी खेळणार कसा? तर त्याला शून्य ते वीस अशा पायऱ्या दिल्या आहेत. खालच्या पायरीवर तो आधी चांगल्या चार-पाच चाली शोधतो आणि मग त्यांतली एखादी वाईट, जरा नशिबावर सोडून, मुद्दाम निवडतो. म्हणजे बंड्याला सगळं दिसत होतं. त्याला मूर्खपणा करायची ड्यूटी लागली होती.

यात मला दुःख कशाचं झालं? हरण्याचं नाही. लहानपणी आजी पत्ते खेळताना मुद्दाम हरायची. पण ती एक्का लपवताना हसू दाबायची आणि आम्हाला ते कळायचं. कळूनही आम्ही जिंकल्याचा दंगा करायचो, त्याची आजीलाही मजा यायची. बंड्याच्या कानटोपीखाली मात्र कधी काही हललं नाही.

"सुक्या माशाकडून हरलात," ही म्हणाली. तिच्या माहेरी सुक्या बांगड्यापुढे भलेभले नमतात, त्यामुळे तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरात सोड्यांची खिचडी झाली. सांत्वन म्हणून की टोमणा म्हणून, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

अकराव्या दिवशी बंड्यानं लबाडी केली.

म्हणजे मला तरी ती लबाडीच वाटली. मी जी विंगमधलं प्यादं दुसऱ्या मजल्यावरून एकदम चौथ्यावर नेलं. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जाता येतं, हा त्याचा हक्क आहे. बंड्याचं प्यादं शेजारी एफ विंगच्या चौथ्या मजल्यावर होतं. ते तिरकं खाली उतरलं आणि जी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथं कुणीही नव्हतं, तिथं जाऊन बसलं. आणि माझं चौथ्या मजल्यावरचं प्यादं गायब! मी ओरडलो. ही हात पुसत आली. मी तिला साक्षीला बसवलं. ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर गेला तो, मग चौथ्यावरचा कसा मेला?" इतक्या नेमक्या शब्दांत फिर्याद मलाही मांडता आली नसती.

मुलगा मीटिंगमध्ये होता. तरी त्यानं फोन उचलला, कारण मी सात वेळा केला होता. "बाबा, याला एन पासां म्हणतात. नियम आहे." नियमाची गंमत अशी की आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादं पहिल्यांदाही एकच घर चालायचं. म्हाताऱ्यासारखं, एकेक पायरी. युरोपात खेळ वेगवान करायला त्याला दोन घरांची उडी दिली. मग लोक त्या उडीचा फायदा घेऊन शत्रूच्या प्याद्याच्या तावडीतून सटकायला लागले. म्हणून पोटनियम केला की तू जणू एकच घर गेला आहेस असं समजून तुला मधल्या घरात पकडता येईल. मी ते असं लक्षात ठेवलं: लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर न थांबता चौथ्यावर गेली, तरी तिसऱ्या मजल्यावरचा माणूस मेंटेनन्सची पावती घेऊन मधेच पकडू शकतो.

पण तोवर माझ्या मनात संशय शिरला होता. आत माणूस तर नाही ना? हसू नका, हा संशय फार जुना आणि फार मोठ्या लोकांनी घेतलेला आहे. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात फॉन केंपेलेननं बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र आणलं. मोठी पेटी, तिच्यामागे फेटा बांधलेला तुर्की पुतळा, आत दात्यांची चाकं. तो पुतळा पुढं कितीतरी वर्षं गावोगाव भल्याभल्यांना हरवत फिरला. सांगतात की नेपोलियननं १८०९ साली त्याच्यासमोर मुद्दाम चुकीच्या चाली केल्या. पुतळ्यानं आधी सोंगटी जागेवर ठेवली, मग जप्त केली, आणि शेवटी हात फिरवून सगळा पटच उधळून लावला. मला तिथंच संशय आला असता, कारण यंत्राला इतका राग येत नाही. त्या पेटीत खरोखरच एक चांगला खेळाडू अंग चोरून बसलेला असायचा.

आणि १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लूनं कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं, तेव्हा सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या कपाटाकडे बघून कास्पारोव्हलाही वाटलं की एखादी चाल आतून माणसानं सुचवली असावी. जगज्जेता आणि मी, आमच्या दोघांच्या शंकेत मला काडीचाही फरक दिसत नाही. त्याचं कपाट मोठं होतं एवढंच.

मला सगळ्यात जवळचा वाटला तो ॲलन ट्युरिंग. बुद्धिबळाचा प्रोग्रॅम त्यानं लिहिला, पण तो चालवायला लायक संगणक कुठं होता? म्हणून १९५२ साली मँचेस्टरमध्ये ट्युरिंग स्वतःच संगणक झाला. कागदावर हिशेब करून एकेक चाल काढायचा. एका चालीला अर्धा तास. समोर ॲलिक ग्लेनी नावाचा सहकारी, बिचारा वाट बघत बसलेला. एकोणतीस चालींत ट्युरिंगचा प्रोग्रॅम हरला. मी हे हिला कौतुकानं सांगितलं. म्हटलं, "माझाही एका चालीला अर्धा तास जातो, आणि मीही हरतोच." ती म्हणाली, "त्याला कुणी दळण आणायला सांगितलं नव्हतं."

हिचाही एव्हाना खेळात जीव अडकला होता, पण वेगळ्याच ठिकाणी. पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते. पांढऱ्याचं बरं चाललं असेल तर पांढरा रंग वर चढतो, काळ्याचं चाललं असेल तर खाली येतो. सोंगट्या कशा चालतात याच्याशी हिला कर्तव्य नव्हतं. ती टाकीतल्या पाण्याची पातळी बघावी तशी पट्टी बघायची. मी चाल केली की "उतरलं" म्हणायची आणि भाजी चिरायला लागायची. कधी पट्टीवर 'मात: अकरा' असा आकडा उमटायचा. म्हणजे अकरा चालींत तुम्ही मेलेले आहात, हे ॲपला आत्ताच माहीत आहे. मला माहीत नसायचं. मी आपला प्यादी पुढं सारत, घोडा खाजवत, मोठ्या उमेदीनं खेळत असायचो. ही मागून म्हणायची, "अकरा होते, सात झाले." इतकी वर्षं संसार केलेल्या माणसानं हे ऐकायचं!

बंड्याला मी पहिल्यांदा हरवायला आलो तो प्रसंग एकोणिसाव्या दिवसाचा. हरवलं असं का म्हणत नाही, ते सांगतो. बंड्यानं त्या दिवशी ड्यूटी जरा जास्तच चोख बजावली. वजीर दिला, एक हत्ती दिला, घोडे दिले. या वेळी मी काही न तपासता सगळं घेत सुटलो. त्याचा राजा एकटा उरला, प्यादंसुद्धा नाही. तेव्हा मात करायची सोडून मला समृद्धीची हाव सुटली. माझी प्यादी एकामागून एक गच्चीवर चढवली. दोन वजीर झाले. तीन झाले. हिला बोलावलं. पट्टी संपूर्ण पांढरी होती, टाकी भरून वाहत होती. मी तिसरा वजीर झोकात बंड्याच्या राजाजवळ नेला आणि हाताची घडी घातली.

स्क्रीनवर आलं: बरोबरी.

त्याचा राजा शहात नव्हता, पण त्याला हलायला एकही घर मी ठेवलं नव्हतं. असं झालं की डाव अनिर्णित. तीन वजीर विरुद्ध एक उघडा राजा, आणि निकाल अर्धा-अर्धा! यातला न्याय मला आठ दिवस कळला नाही. मग एका सकाळी माझी गाडी पार्किंगमध्ये अडकलेली पाहिली. तिला कुणी धक्का लावला नव्हता, ओरखडा नव्हता. पुढं डॉक्टर, मागं दुसरे डॉक्टर, बाजूला खांब. गुन्हा काहीच नाही, आणि बाहेर काढायलाही वाट नाही. इंग्लंडमध्ये एकेकाळी ज्याची अशी कोंडी झाली तोच जिंकला असं धरायचे, हे मी त्याच आठवड्यात वाचलं होतं. मी सेक्रेटरींना ते सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही पंच स्पर्धेचे."

गणपती बसले. तिसऱ्या दिवशी मांडवात सतरंज्या टाकून सहा पट मांडले. माझ्या गळ्यात 'पंच' असं लिहिलेलं ओळखपत्र आणि हातात शिट्टी होती. बुद्धिबळाला शिट्टी लागत नाही, पण कबड्डीची उरली होती. मुलं कशी खेळत होती ते विचारू नका. धाड धाड चाली, घड्याळावर थापा, मधेच मोदक. मी पाठीमागे हात बांधून फिरत होतो आणि ज्या पटावर काहीच समजत नव्हतं तिथं मान डोलवत होतो. सगळ्याच पटांवर डोलवत होतो.

आणि मग ज्याची मी देवाजवळ प्रार्थना करत होतो तो तंटा झाला. बी-सहामधली एक आठ वर्षांची मुलगी आणि एच-तीनमधला तिच्याहून दीडपट उंच मुलगा. मुलानं तिचं प्यादं एन पासां करून मारलं होतं आणि ती मान्य करत नव्हती. माझा ऊर भरून आला. मी शिट्टी वाजवली. सगळे गोळा झाले. मी खाकरून लिफ्टचं, तिसऱ्या मजल्याचं आणि मेंटेनन्सच्या पावतीचं सविस्तर विवेचन केलं. युरोप आणला, जुनी पद्धत आणली. "तेव्हा मुलानं केलं ते कायदेशीर आहे," मी निकाल दिला. पालकांतून एक-दोघांनी टाळ्याही वाजवल्या. "सांगली ती सांगली," सेक्रेटरी कुणाला तरी म्हणाले.

मुलगी शांतपणे माझ्याकडे बघत होती. "पण आजोबा, ते लगेचच्या चालीलाच करायचं असतं. यानं मधे एकदा हत्ती हलवला. लिफ्ट केव्हाच गेली."

मी मुलाकडे पाहिलं. मुलानं मान खाली घातली. मी शिट्टी पुन्हा वाजवली, या वेळी हळू, आणि निकाल फिरवला.

स्पर्धा तीच जिंकली. आरतीनंतर मी पट आवरायला बसलो, तर ती प्रसादाची वाटी घेऊन समोर येऊन बसली. "आजोबा, एक डाव?" नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिनं काळ्या सोंगट्या घेतल्या. मी यावेळी कडेची प्यादी सरकवली नाहीत. ई-चारला प्यादं, एफ-तीनवर घोडा, सगळं पुस्तकाप्रमाणे. तिचा उंट सी-पाचवर आला, वजीर बाहेर पडला. मी विचार करत होतो, आणि ती खोबऱ्याचा तुकडा चघळत माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. पटाकडे तिला फारसं बघावंच लागत नव्हतं.

मग तिनं वजिरानं माझा एफ-तीनवरचा घोडा मारला.

म्हणजे तिचा वजीर आमच्या डोक्यावर, माझ्या जी-दोनमधल्या प्याद्याच्या तोंडाशी उभा. प्यादं तिरकं टाकलं की वजीर माझा. एका घोड्याच्या बदल्यात. मी पट न्याहाळला. ए विंगपासून एच विंगपर्यंत, तळापासून गच्चीपर्यंत. वजिराला राखायला कुणी नव्हतं.

"आजोबा, मारा ना," ती म्हणाली. आणि वाटीत बघून हसू दाबलं. "तुमच्यासाठीच ठेवलाय."

बंड्या असं कधी बोलला नव्हता. मी पुन्हा एकदा सगळं तपासलं. एवढं स्वतःहून सांगते म्हणजे काहीतरी नक्की आहे. मी बी विंगमधला घोडा उचलून सी-तीनवर ठेवला.

तिनं मोठा सुस्कारा सोडला, सेक्रेटरींच्या घरातल्या उंटाकडे एकदा पाहिलं, आणि वजीर एक मजला खाली उतरवला.

"एफ-दोन!" ती मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मात!"

पलीकडे प्रसाद वाटणाऱ्या हिनं आमच्या फ्लॅटचं नाव ऐकून मान वळवली.

"आमच्याकडे? कोण इलो?"